आजीची चटणी लिहून काढायचीय? मग आधी एवढं कर

भावा, पहिलं म्हणजे लै भारी काम हातात घेतलंयस, सोडू नकोस. पण सगळ्या घरची रेसिपी-वही एकदम करायला जाऊ नको, बहुतेक जण तिथंच दमतात. एकच पदार्थ धर, आणि कोल्हापुरात असशील तर चटणीच धर, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला. एप्रिल-मेमध्ये घरात वर्षाची चटणी होते तेव्हा नुसतं विचारू नको, शेजारी बस, कांदा उन्हात वाळवण्यापासून डंकावर कुटून आणेपर्यंत.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- "किती ग्रॅम?" विचारणं. आजी सांगणार "अंदाजानं". तिची मूठ तू वजनकाट्यावर मोज, गुपचूप. माझ्या आईची धण्याची एक मूठ 35 ग्रॅम भरली, तेच वहीत लिहिलं.
- फक्त साहित्य लिहिणं. ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला हे कुणीही सांगेल, पण खोबरं कुठल्या रंगावर आलं की ती कढई उतरवते ते तुलाच बघायला लागणार.
- आठवण वेगळी काढून टाकणं. खोबरं भाजताना ती माहेरचं बोलायला लागते, तेव्हा मोबाईलवर रेकॉर्डिंग चालूच ठेव, अगोदर विचारून.

आषाढात त्र्यंबोली यात्रेला गल्लीत मटण शिजतं तेव्हा शेजारच्या काकूंनाही विचार, एकाच गल्लीत दोन घरचा तांबडा रस्सा सारखा नसतो. बाकी फोटो, छपाई वगैरे नंतर बघू. या रविवारी आजीजवळ बस आधी.