ओवाळणीचे पैसे आणि डोक्यावरचे कर्ज

दिवाळी संपली, की पुढचे काही आठवडे माझ्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून येत राहतो. भावाने ओवाळणीत मोठी रक्कम घातली आहे, सासऱ्यांनी पाडव्याला पाकीट दिले आहे, परदेशातल्या मावशीने मुलांच्या नावाने पैसे पाठवले आहेत, आणि घरावर कर्ज आहे. मग हे पैसे कर्जात भरायचे, की ज्यासाठी दिले त्यासाठीच खर्च करायचे? हा प्रश्न समुपदेशकाला कशाला विचारायचा, असे कुणालाही वाटेल. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हिशेब आधीच करून पाहिलेला असतो, उत्तरही त्यांना कळलेले असते, आणि तरीही पाकीट कपाटातच पडून असते.

त्यांतल्या एका बाईंची हकीकत इथे त्यांच्या संमतीने, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून, देत आहे. त्यांना सुनीता म्हणू. चिंचवडला राहणारे चौकोनी कुटुंब. यजमानांची कंपनी बंद पडली तेव्हा पाच महिने घरात एकच पगार येत होता. त्या काळात शाळेची फी आणि वाणसामान क्रेडिट कार्डावर गेले आणि थकबाकी ८४,००० रुपयांवर पोहोचली. पुढे यजमानांना नोकरी लागली, पण कार्ड काही फिटेना. अशात भाऊबीजेला मोठ्या भावाने ताटात ५१,००० रुपये ठेवले आणि बजावले, ‘हे घरात घालवायचे नाहीत. चौघे कुठेतरी फिरून या, आणि मला फोटो पाठव.’

सुनीताबाईंचा पेच त्यांच्याच शब्दांत असा होता: ‘कर्जात भरले तर दादाचा शब्द मोडतो, आणि फिरायला गेले तर समुद्रावर बसून मला कार्डाचं बिलच दिसेल.’ यजमानांचे म्हणणे वेगळे होते. एवढ्या कर्जापुढे ५१,००० म्हणजे दर्यामें खसखस; मुलांना दोन वर्षांत कुठे नेलेले नाही, तर निदान तारकर्लीला तरी जाऊन येऊ, असे ते म्हणत. पहिल्या काही भेटी या दोन टोकांमध्येच गेल्या. मी काही सुचवले, की त्या ‘हो, पण’ म्हणत दुसऱ्या टोकाला जात. माणूस दोन्ही पर्यायांना इतक्या तत्परतेने नकार देऊ लागला, की तिसरा एखादा पर्याय न बोललेला राहिला आहे, असे मी समजते.

म्हणून मी त्यांना सगळी देणी कागदावर लिहायला सांगितली. चार रकाने: कुणाचे देणे, किती, व्याजाचा दर काय, आणि हे कुणाकुणाला माहीत आहे. पहिले तीन रकाने कोणताही हिशेबनीस आखून देईल. चौथा माझा आहे, आणि इतक्या वर्षांत त्याने मला क्वचितच रिकाम्या हाताने परत पाठवले आहे. सुनीताबाईंनी कार्ड लिहिले, ऑफिसच्या पतपेढीचे पगारातून कापले जाणारे कर्ज लिहिले आणि पेन खाली ठेवले. ठेवता ठेवता डाव्या हाताने उजव्या मनगटावर ओढणी ओढून घेतली. ही हालचाल मी आधीच्या भेटींतही पाहिली होती.

‘आणखी काही?’ मी विचारले.

बऱ्याच वेळाने त्यांनी तिसरी ओळ लिहिली. पतसंस्था, सोनेतारण, ६०,००० रुपये, वर्षाला १२ टक्के. चौथ्या रकान्यात ‘फक्त आम्हा दोघांना’. सासऱ्यांच्या इस्पितळाच्या बिलासाठी त्यांनी पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, आणि त्या पाटल्या दादाने नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पैसे साठवून लग्नात घातलेल्या होत्या. भाऊबीजेला त्याला ओवाळताना हातात एक ग्रॅमच्या पाटल्या होत्या; आताही त्याच होत्या.

‘म्हणजे ओवाळणीचे पैसे तुमच्या मनात कशासाठी आहेत?’

‘पाटल्या सोडवायला. वैशाखात दादाच्या मुलाची मुंज आहे आणि मी त्याची एकुलती एक आत्या आहे. सगळ्यांचं लक्ष माझ्या हातांकडे जाणार.’

‘मग इतके दिवस कार्ड की सहल, हे का विचारत होतात?’

‘कारण त्याचं उत्तर काहीही आलं असतं, तरी मला चाललं असतं.’

त्यांच्या या उत्तराने मला गेल्या कित्येक वर्षांतली प्रकरणे नव्याने समजली. कर्जात असलेला माणूस हाती रक्कम आली, की सर्वांत महाग कर्जाकडे वळत नाही. सर्वांत लाजिरवाण्या कर्जाकडे वळतो, आणि लाजेचा उल्लेख टाळायचा असल्यामुळे चर्चा भलत्याच दोन पर्यायांची करत बसतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे तो अशा वेळी उपयोगी पडतो. परिस्थितीपेक्षा परिस्थितीविषयी आपण मनाशी धरलेली ठाम समजूत आपल्याला अधिक जखडते, असे ही पद्धत मानते. सुनीताबाईंची समजूत अशी होती, की दादाला कळले तर मी त्याच्या नजरेतून उतरेन आणि ते मला सहनच होणार नाही. मी या समजुतीला खोटे म्हटले नाही. दादाला वाईट वाटणे अगदी शक्य होते.

मी एवढेच म्हटले, ‘त्याला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही दरमहा किती रुपये मोजणार आहात, ते काढू या.’

आकडेमोड त्यांनीच केली. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ८४,००० वर दरमहा सुमारे ३,४७० रुपये. त्या भरत होत्या ४,२००. याचा अर्थ मूळ रक्कम महिन्याला जेमतेम ७३० रुपयांनी कमी होत होती. आता ओवाळणीतले ४०,००० रुपये कार्डात भरले, तर दरमहा सुमारे १,६५० रुपये वाचतात. तेच पतसंस्थेत भरले, तर ४०० वाचतात. सुनीताबाईंनी वजाबाकी केली आणि १,२५० या आकड्याभोवती दोनदा वर्तुळ काढले. ‘म्हणजे मुंजीपर्यंत दर महिन्याला साडेबाराशे रुपये देऊन मी दादापासून लपणार,’ त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात रडण्याऐवजी चीड होती. ही चीड मला फार मोलाची वाटते. हाच आकडा पहिल्या भेटीत मी सांगितला असता, तर त्यांनी मान डोलावली असती आणि पाकीट कपाटातच राहिले असते.

दादाला काय सांगायचे याची आम्ही तयारी केली. माफी मागायची नाही, कारणांची माळ लावायची नाही. काय घडले, किती देणे आहे आणि पैशांचे काय करणार आहोत, एवढेच बोलायचे. दादा आधी रागावला. पाटल्यांपेक्षा त्याला लपवाछपवी लागली. संध्याकाळी त्याने पुन्हा फोन केला आणि गहाण सोडवायला आणखी ६०,००० पाठवतो म्हणाला. सुनीताबाईंनी कार्ड संपेपर्यंत नको म्हणून सांगितले, आणि माझ्या मते ते योग्यच होते. भावनेच्या भरात दिलेल्या मदतीला व्याजाचा दर नसतो, त्यामुळे ती कधी फिटली हेही दोघांपैकी कुणालाच ठरवता येत नाही.

शेवटी ४०,००० कार्डात गेले, ५,००० अडीनडीसाठी बाजूला ठेवले आणि ६,००० रुपयांत चौघे एसटीने दिवेआगरला एक रात्र राहून आले. ५,००० रुपयांचा मी आग्रह धरला होता, कारण हाताशी काहीच नसेल तर पुढचे दुखणे-खुपणे पुन्हा कार्डावरच जाते. आणि थकबाकी असलेल्या कार्डावर नवी खरेदी केली, तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागते. ६,००० हा मात्र दादाच्या शब्दाचा मान होता. देणाऱ्याने हेतू सांगितला असेल, तर त्याला विचारून तो बदलावा आणि थोडा तरी पाळावा. एकदा दिलेली रक्कम कायद्याने घेणाऱ्याचीच असते, आणि भाऊ हा आयकराच्या व्याख्येत नातेवाईक असल्यामुळे अशा ओवाळणीवर, ती कितीही मोठी असली, तरी कर लागत नाही. पण उद्याही ज्याच्या घरी जायचे आहे, त्याच्याशी कायद्यापुरते वागून चालत नाही.

महाग कर्ज आधी, हा नियम काही प्रसंगी बाजूला ठेवावा लागतो. सोनेतारणाची मुदत संपत आली असेल आणि लिलावाची नोटीस आली असेल, तर आधी पतसंस्थेत जाऊन व्याज भरून नूतनीकरण होते का ते विचारावे. सुनीताबाईंची मुदत बाकी होती, म्हणून आम्हाला तशी घाई नव्हती. खासगी सावकार दारात येत असेल, तर घराची सुरक्षितता आधी पाहावी. हाती एकरकमी पैसे आहेत असे कळल्यावर बँकेचा वसुली प्रतिनिधी कमी रकमेत तडजोड सुचवू शकतो. ती मोहात पाडणारी असते, पण तशी नोंद सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात राहते आणि पुढचे कर्ज अवघड होते. त्यापेक्षा उरलेली थकबाकी कमी दराच्या मासिक हप्त्यांत बदलून मिळेल का, हे बँकेला विचारावे. सुनीताबाईंनी नंतर तेच केले. पाटल्यांचे व्याज त्या दर महिन्याला भरतात, आणि कार्डाचे हप्ते संपले, की तीच रक्कम पतसंस्थेत वळवायची, असे नवरा-बायकोने ठरवले आहे.