कोपऱ्यातले तारे

प्रश्न : काका, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे ८० मिलिमीटरची, एफ/६ ची दोन भिंगांची दुर्बीण, कॅननचा जुना कॅमेरा आणि फील्ड फ्लॅटनर (कडेपर्यंत प्रतिमा सपाट करणारं जोडभिंग) आहे. शहरातल्या दिव्यांसाठी कॅमेऱ्याच्या आत बसणारा २ मिलिमीटर जाडीचा फिल्टरही लावते. डिसेंबरात जानापावला जाऊन कृत्तिकांचे फोटो काढले. मधले तारे टाचणीच्या टोकासारखे, पण चारही कोपऱ्यांत तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले, आणि सगळे दाणे मध्याकडे तोंड करून. खालचा उजवा कोपरा तर अगदीच वाईट. कुणी म्हणतं माउंट (दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारा आधार) बदल, कुणी म्हणतं महागातला फ्लॅटनर घे. काय करू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : काहीही विकत घेऊ नकोस. माउंटचा दोष असता तर मधला ताराही लांबला असता. गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारत राहणं) चुकलं, वारा लागला, तिपाई हलली, तर सगळे तारे एकाच दिशेला ओढले जातात. तुझा मधला तारा गोल आहे, म्हणजे माउंट निर्दोष सुटला.

उरलेल्या फोटोत दोष एक नाही, दोन आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे सल्ले देणारेही गोंधळलेत. चारही कोपरे सारखे बिघडतात ते फ्लॅटनर आणि सेन्सरमधल्या अंतरामुळे. एकच कोपरा जास्त बिघडतो तो कलामुळे, म्हणजे सेन्सर किंचित तिरका बसल्यामुळे. आधी अंतराचं बघू.

भिंग आपली प्रतिमा सपाट पाडत नाही, उथळ वाटीसारखी पाडते. सेन्सर मात्र सपाट. तुझ्यासारख्या दुर्बिणीत या वाटीची त्रिज्या ढोबळमानाने फोकल लांबीच्या एक तृतीयांश असते. एफ/६ म्हणजे फोकल लांबी ८० च्या सहापट, ४८० मिलिमीटर, म्हणून वाटी धर १६० ची. तुझा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कोपरा १३.४ मिलिमीटर लांब. तेवढ्या अंतरावर वाटी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त वळलेली असते. एफ/६ ला फोकस अर्धा मिलिमीटर चुकला की ताऱ्याचा ठिपका ८० मायक्रॉनच्या पुढे फुगतो, आणि तुझा पिक्सेल असेल चार-साडेचार मायक्रॉनचा. ही वाटी सपाट करायलाच फ्लॅटनर असतो. पण सेन्सर त्याच्यापासून नेमक्या अंतरावर असेल तरच तो काम करतो.

बहुतेक फ्लॅटनरचं हे अंतर ५५ मिलिमीटर असतं. (तुझ्या फ्लॅटनरच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा.) कॅननच्या कॅमेऱ्यात सेन्सर तोंडापासून ४४ मिलिमीटर आत असतो, टी-रिंगचे (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११, बेरीज बरोबर ५५. इथपर्यंत तू चुकली नाहीस. पण मध्ये फिल्टरची काच आली, आणि काच फोकस तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश मागे ढकलते. २ मिलिमीटरच्या काचेला ०.७. म्हणजे तुला हवेत ५५.७ आणि आहेत ५५. सेन्सर जवळ पडलाय. ताऱ्यांनी मध्याकडे तोंड केलं की बहुतेक फ्लॅटनरमध्ये अर्थ हाच निघतो. तेच तारे मध्याभोवती फेर धरल्यासारखे आडवे दिसले असते, तर सेन्सर लांब पडला असं म्हटलं असतं. तेव्हा अर्ध्या मिलिमीटरची एक पातळ रिंग फ्लॅटनर आणि टी-रिंगच्या मध्ये घाल, फोटो काढ, मग आणखी पाव. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक फोटोला वहीत नोंद. व्हर्नियर नसेल तर कॉलेजच्या वर्कशॉपमधून मागून आण, फूटपट्टीने हे काम होत नाही.

आता तो खालचा उजवा कोपरा. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. सांवेर रोडच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस मी, त्यामुळे हातात दुखणं आलं की पहिलं औषध सुचतं ते रिंग कातायचं. माझ्या दुर्बिणीचा असाच एक कोपरा बिघडला, तर अंतर ५३.५ पासून ५६ मिलिमीटरपर्यंत अर्ध्या-अर्ध्याने बदलायला सहा रिंगा कातल्या. अख्खा हिवाळा गेला, कोपरा तसाच. शेवटी आमच्याकडे पूर्वी शिकाऊ म्हणून असलेला एक पोरगा घरी आला, त्याने कॅमेरा धरून हलकेच वरखाली केला आणि म्हणाला, "साब, ये तो हिल रहा है." फोकसरची, म्हणजे कॅमेरा पुढेमागे सरकवून फोकस जुळवणाऱ्या भागाची, नळी ढिली होती. लॉकचा स्क्रू आवळला की ती एका बाजूला दबायची. अंतर मोजत बसलो आणि हाताने हलवून बघायचं सुचलं नाही!

म्हणून तू आधी हलवून बघ. मग कॅमेरा टी-रिंगसकट ९० अंश फिरवून त्याच ताऱ्यांचा फोटो काढ. फोटोत खालचा उजवा कोपराच वाईट राहिला तर कल कॅमेऱ्यात किंवा टी-रिंगमध्ये. वाईटपणा दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर दोष दुर्बिणीकडे, बहुधा फोकसरमध्ये. टी-रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात, ते एकसारखे आवळलेले आहेत ना तेही बघ.

अजून एक सोय आपल्या गावाला फुकट मिळालीय. कृत्तिकांची क्रांती (आकाशातला अक्षांश) उत्तर २४ अंश आणि इंदूरचा अक्षांश २२.७, त्यामुळे त्या जवळजवळ डोक्यावरून जातात. डिसेंबरच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास दुर्बीण सरळ वर असते, कॅमेरा नळीला ओळंब्यासारखा लटकतो. पहाटेकडे त्या पश्चिमेला उतरल्या की तोच कॅमेरा आडवा लोंबतो. दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेव. पहिल्यात कोपरा बरा आणि दुसऱ्यात वाईट असेल तर कॅमेऱ्याच्या वजनाने नळी वाकते आहे. दोन्हींत सारखाच असेल तर कल पक्का बसलेला आहे. तो काढायला कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा उत्तम. जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, आणि एफ/६ ला फोकसची एकूण मोकळीकही जवळपास तेवढीच असते. कात्रीने पट्टी काप, कडा घासून घे, टी-रिंगच्या एका बाजूला एक पदर घाल. कोपरा आणखी बिघडला तर पट्टी समोरच्या बाजूला.

प्रश्न : माझी सहा इंची, एफ/५ ची न्यूटनियन (आरशाची दुर्बीण) आहे. कडेचे तारे शेपूटवाल्या धूमकेतूसारखे दिसतात, शेपट्या बाहेरच्या दिशेला. आरसा खराब निघाला का?
– एक वाचक, देवास

उत्तर : आरसा चांगलाच आहे. पॅराबोलिक आरशाचा हा स्वभाव, याला कोमा म्हणतात. मध्यापासून लांब जावं तसा तो वाढतो, आणि एफचा आकडा लहान तितका जास्त. एफ/५ ला मधल्या जेमतेम तीन मिलिमीटरच्या वर्तुळातच तारे निर्दोष, एफ/८ ला हेच वर्तुळ अकरा मिलिमीटरपर्यंत जातं. उपाय कोमा करेक्टर, तो मात्र विकतच घ्यावा लागेल. त्याआधी एक बघा, गोल ताऱ्यांची जागा फोटोच्या मधोमध आहे का? बाजूला सरकली असेल तर कोलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) बिघडलंय, आणि त्यावर करेक्टर लावलात तर पैसे जातील, शेपट्या राहतील.

प्रश्न : माझे तारे एका कोपऱ्याभोवती गोल फिरल्यासारखे येतात. फ्लॅटनर चुकला का?
– एक वाचक, महू

उत्तर : नाही, तुमचा ध्रुव चुकलाय, म्हणजे माउंटचा अक्ष खऱ्या ध्रुवाकडे नेमका वळलेला नाही. गाइड तारा त्या कोपऱ्याकडे असणार, तो जागेवर राहतो आणि बाकीचं आकाश त्याच्याभोवती वळतं. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त लांब असतो, त्याच्यावर नेम धरून काम संपत नाही. आपल्याकडे माउंटचा अक्ष क्षितिजापासून साडेबावीस अंशांच्या आसपास येतो. उज्जैनच्या जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्राची तिरकी भिंत त्या गावाच्या अक्षांशाइतक्याच कोनात उभी आहे, एकदा जाऊन तिच्या कडेने ध्रुवाकडे बघून या. आणि माउंटच्या तिपाईचा एक पाय मातीत रुतत नाही ना, ते तपासा. पोलर अलाइनमेंट करून चहा प्यायला गेलो आणि परत आलो तेवढ्यात पाय बोटभर खचला, असं माझं चोरलच्या शेतात दोनदा झालंय. आता तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवतो.