वाचकांचे प्रश्न : लहान मुलांच्या घरी कुत्रा आणताना

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामा नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघे नोकरी करतो, मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा चार वर्षांचा आहे आणि सोबत सासूबाई असतात. मुलीने वर्षभर कुत्र्याचा हट्ट धरला असून तिला मोबाइलवर पाहिलेला निळ्या डोळ्यांचा हस्कीच हवा आहे. यजमानांच्या मते लॅब्रडॉर घ्यावा. सासूबाईंना गळणाऱ्या केसांची आणि देवघराच्या सोवळ्याची काळजी वाटते. मुलांसाठी सर्वांत चांगली जात कोणती, हे कृपया सांगावे.
— एक वाचक भगिनी

उत्तर : जातीचे नाव सांगण्याआधी आपल्या पत्रातील दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. दिवसाचे आठ-नऊ तास घरात मोठे माणूस म्हणून केवळ सासूबाई असतात, आणि धाकटा मुलगा अवघा चार वर्षांचा आहे. निवड या दोन गोष्टींवरून ठरेल. कुत्र्याच्या रंगरूपाचा विचार त्यानंतर करता येईल.

हस्की आणू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. सैबेरियाच्या बर्फात घसरगाड्या ओढण्यासाठी जोपासलेल्या या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आत दाट लोकर आणि वर लांब केस. माळव्यातील रात्री सुखद असतात ही ख्याती खरी असली, तरी एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो. त्यामुळे असा कुत्रा चार महिने वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवावा लागतो, आणि मैलोन्मैल धावण्यासाठी जन्मलेला प्राणी कोंडला की दारे कुरतडतो, रात्रभर विव्हळतो. मुलीला हे समजावताना "नाही" एवढेच न म्हणता मे महिन्यात दुपारी स्वेटर घालून गच्चीवर उभे राहिल्यास काय होईल, असे विचारावे. नऊ वर्षांच्या मुलीला ते नक्की कळेल.

उष्णतेचाच विचार पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींबाबतही करावा. त्यांचे श्वासमार्ग अरुंद असल्यामुळे धापा टाकूनही शरीर पुरेसे थंड होत नाही. एका मे महिन्यात भर दुपारी माझ्याकडे उपचारासाठी एक पग आणला होता. मुलांनी त्याला अंगणात जेमतेम वीस मिनिटे खेळवले होते, पण येईपर्यंत त्याची जीभ जांभळी पडली होती. तो वाचला, परंतु त्या मुलांचे चेहरे मी अजून विसरलेलो नाही. त्यांची काहीच चूक नव्हती. कुत्र्याला किती झेपते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

यजमानांची लॅब्रडॉरची सूचना विचार करण्याजोगी आहे. ही जात सहसा स्वभावाने मायाळू, शिकण्यास उत्सुक आणि मुलांच्या गलबल्याला न कंटाळणारी असते. मात्र पूर्ण वाढलेला लॅब्रडॉर 25 ते 36 किलोंचा होतो, आणि आठ-दहा महिन्यांचे होईपर्यंत त्याचे अंग मोठे होते पण पोच येत नाही. अशा वयात तो निव्वळ आनंदाने झेप घेतो आणि चार वर्षांचे मूल जमिनीवर आपटते. त्याला सकाळ-संध्याकाळ मिळून किमान तासाभराचा चांगला व्यायाम लागतो. शिवाय त्याची भूक आवरत नाही. यामागे शारीरिक कारण असल्याचे 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. पुष्कळ लॅब्रडॉरमध्ये भुकेचे नियमन करणाऱ्या एका जनुकाचा काही भाग गहाळ असतो. प्रत्येकाच्या ताटातला घास मिळत राहिला, तर दोन वर्षांत तो स्थूल होतो आणि मुळातच नाजूक असणारी त्याची खुब्याची हाडे दुखू लागतात. केस वर्षभर गळतात, हेही सासूबाईंना आधीच सांगावे.

लहानखुरा कुत्रा मुलांसाठी सुरक्षित असतो, या समजुतीमुळे पुष्कळ घरांत पॉमेरियन येतो. तो हुशार आणि घराला जीव लावणारा असला, तरी अंगाने नाजूक असतो. मुलाने उचलून पाडल्यास त्याचा पाय सहज मोडतो, आणि वारंवार दुखावलेला कुत्रा चावून स्वतःचे रक्षण करू लागतो. बीगल मुलांत छान रमतो, पण एकटा राहिला की त्याचा आवाज सगळ्या इमारतीला ऐकावा लागतो. जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराने घेऊ नयेत.

माझे मत विचाराल तर आपण पिल्लू आणूच नये. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शी-शूसाठी बाहेर न्यावे लागते, आणि ते काम सासूबाईंच्या गुडघ्यांवर येऊन पडेल. त्याऐवजी दीड-दोन वर्षांचा, स्वभाव आधीच ठाऊक असलेला, लसीकरण आणि निर्बीजीकरण झालेला कुत्रा दत्तक घ्यावा. तो लॅब्रडॉर असो वा देशी, पाचही जणांनी त्याला तीन-चार वेळा जाऊन भेटावे. मूल धावत गेले, भांडे पडले, शेपटीला चुकून हात लागला, तर तो काय करतो हे पाहावे. आपण होऊन मुलांजवळ येणारा आणि दचकल्यावर लगेच सावरणारा कुत्रा निवडावा. घरी आणण्यापूर्वी महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्याकडे त्याची तपासणी करून घ्यावी. धाकटा सहा वर्षांचा होईपर्यंत थांबता आले, तर मला अधिक समाधान वाटेल.

सासूबाईंची काळजी रास्त आहे आणि त्यांच्या मनापासूनच्या संमतीशिवाय हा निर्णय घेऊ नये. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या उंबरठ्याबाहेर थांबण्याची सवय कुत्र्याला दोन-तीन आठवड्यांत लावता येते; मात्र घरातील प्रत्येकाने तोच नियम पाळला पाहिजे. एकाने आत बोलावायचे आणि दुसऱ्याने हाकलायचे, असे झाल्यास कुत्रा काहीच शिकत नाही.

आता मुलांविषयी, कारण जात कोणतीही असली तरी हे चुकवता येत नाही. लहान मुलांना चावणारे कुत्रे पुष्कळदा घरचे किंवा ओळखीचेही असतात, आणि मुलांची उंची कमी असल्यामुळे जखम बरेचदा चेहऱ्यावर होते. म्हणून मोठे माणूस खोलीत नसेल तेव्हा चार वर्षांच्या मुलाला कोणत्याही कुत्र्याजवळ ठेवू नये, तो कितीही गरीब असला तरीही. कुत्रा जेवत असताना, झोपलेला असताना आणि पिल्लांजवळ असताना मुलांनी त्याला हात लावू नये. गळ्यात पडून मिठी मारणे मुलांना प्रेमाचे वाटते. बहुतेक कुत्र्यांना त्यात अडकल्यासारखे वाटते. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, आणि एवढ्यावर कोणी थांबले नाही तर गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला कधीही मारू नये. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडून देतो आणि पुढच्या वेळी पूर्वसूचना न देता चावतो. मुलीला ही चिन्हे ओळखायला शिकवा. कुत्र्याचे वेळापत्रक लिहिण्यापेक्षा हे काम तिला अधिक आवडेल.

प्रश्न : रामबागेत आमच्या वाड्याच्या आवारात एका गावठी कुत्रीला पिल्ले झाली होती. ती कुत्री गाडीखाली सापडली आणि एकच पिल्लू उरले आहे. माझी दहा आणि बारा वर्षांची मुले त्याला घरात घेऊ इच्छितात. शेजारी म्हणतात की ज्याची जात माहीत नाही ते मुलांत ठेवू नये. आपले मत काय?

उत्तर : अवश्य घ्यावे. आपल्या हवेत पिढ्यान्पिढ्या टिकलेला हा कुत्रा ऊन सोसतो, त्याचे केस आखूड असतात, आणि पैदाशीतून येणारे कित्येक आनुवंशिक दोष त्याच्यात क्वचितच दिसतात. नीट सांभाळल्यास तो तेरा-चौदा वर्षे सहज जगतो, म्हणजे आपली मुले शिकून नोकरीला लागेपर्यंत तो सोबत असेल.

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लाला जे भेटते ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते. या काळात त्याला मुले, म्हातारी माणसे, शिट्टी देणारा कुकर, रिक्षांचा आवाज अशा सगळ्याची हळूहळू ओळख करून द्यावी. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांसाठी संयुक्त लस सुरू होते, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे चुकवू नयेत. जंताचे औषध आताच द्यावे. मुलांच्या आरोग्याशीही त्याचा थेट संबंध आहे. पावसाळ्यात कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड रोज पाहावी, कारण गोचिडीमुळे येणारा ताप जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे पिल्लाला दूध-पोळी घालण्याची रीत आहे. गायी-म्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात आणि नुसत्या पोळीने अंग भरत नाही. उकडलेले अंडे, वरणभात, जमत असल्यास चिकन द्यावे. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्यासाठी विषारी आहेत, तेव्हा मुलांनी भाजीची फोड किंवा शिऱ्यातला बेदाणा प्रेमाने भरवू नये.

खेळताना पिल्लाचा दात लागून रक्त आले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना किंवा तिखट लावू नये. या पिल्लाची आई रस्त्यावर राहत होती आणि त्याला अजून लस मिळालेली नाही, त्यामुळे ओरखडाही दुर्लक्षित करू नये.

प्रश्न : विक्रेता 35 दिवसांचे पिल्लू देत असून "लहान घेतले की मुलांचा लळा लवकर लागतो" असे म्हणतो. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. श्वान पैदास आणि विक्रीविषयक 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. भावंडांशी खेळताना जोराने चावले की खेळ थांबतो, हे पिल्लू या शेवटच्या आठवड्यांतच शिकते. ते शिकण्याआधी उचललेले पिल्लू तो धडा आपल्या मुलांच्या हातांवर गिरवते. विक्रेत्याकडे राज्य पशुकल्याण मंडळाच्या नोंदणीचा कागद मागावा आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखवण्यास सांगावे. ती शांतपणे आपल्या मुलांना जवळ येऊ देते का, हे पाहावे. आई दाखवण्यास टाळाटाळ झाल्यास तेथून परत यावे.