आधी बोल, मग दुर्बिणीत बघ

काय गं, तुझा मेसेज वाचला, फोटोपण बघितले. लिलावातली ती विंचेस्टर हाय वॉल रायफल घ्यायचीये तुला, आणि "काका जुनी आहे पण एकदम नव्यासारखी चमकते" असं लिहिलंयस ना, माझं घोडं तिथेच अडलं. सव्वाशे वर्षांच्या बंदुकीवर अशी चमक कुणीतरी अलीकडेच चढवलेली असते. फोटो मोठा करून अष्टकोनी नळीच्या कडा बघ, बोथट झाल्यात, कंपनीचं नाव अर्धं पुसलंय, म्हणजे चाकावर धरून घासलीये आणि वरून नवं ब्लूइंग, म्हणजे निळसर काळा मुलामा, केलंय. मीपण वीस वर्षांपूर्वी अशीच एक चकचकीत स्टीव्हन्स रायफल उचलली होती, नळीत बघायला साधा टॉर्च नेला नव्हता. घरी येऊन बघतो तर आत नुसते खड्डे. अजून भिंतीवर आहे ती, तुझी काकू तिला पडद्याचा रॉड म्हणते. तेव्हा बाहेरून कळकट, काळपट चालेल, पण आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, शेवटपर्यंत धारदार दिसले पाहिजेत, विशेषतः तोंडाशी.

कायद्याचं एकदाच सांगतो. तुझं ग्रीन कार्ड आलंय म्हणून बोलतोय, एच-वन वर असतीस तर हा विषयच काढू दिला नसता. १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल इथे अमेरिकेत फेडरल कायद्यात अँटिक धरतात, पण राज्याराज्याचे नियम वेगळे, त्यामुळे सिरियल नंबरवरून साल काढ आणि आपल्या राज्याचं नीट वाच. हाय वॉल १८८५ पासून १९२० पर्यंत बनत होती, म्हणजे दिसायला सारखी असली तरी कुठल्या बाजूची निघेल सांगता येत नाही.

आता खरं म्हणणं. यंदा काही घेऊ नकोस, हा सीझन माझ्या शेजारी बस.

तू एनसीसीत पॉइंट टू टू रायफल मारलीयेस, नेम धरता येतो मान्य. पण या सिंगल शॉट रायफली वेगळ्या. लिव्हर खाली ओढला की मागचा ठोकळा लिफ्टसारखा खाली जातो, एक पुंगळी घालायची, लिव्हर वर, संपलं. मॅगझिन नाही, त्यामुळे "पुढच्यात बघून घेऊ" ही सोयच नाही. मागचा ट्रिगर ओढला की पुढचा इतका हलका होतो की बोट नुसतं टेकलं तरी बार उडतो. आणि बार उडाला की दुर्बिणीत बघायच्या आधी मोठ्याने सांगायचं, गोळी कुठे गेली. "चारच्या बाजूला, थोडी खाली." घड्याळाचे आकडे धरून बोलतात ते. मग बघायचं. सांगितलं तिथेच भोक असेल तर चूक तुझी, आणि नसेल तर वाऱ्याची नाहीतर बंदुकीच्या दारूची. सुरुवातीला दहातल्या सात वेळा आपलं बोलणं खोटं ठरतं आणि फार राग येतो, मला यायचा. पण ही सवय नसेल तर पाच हजार डॉलरची रायफल घेऊनही तुला कळणार नाही की बिघडलंय काय.

क्रीडमूरचा किस्सा तुला फोनवर अर्धाच सांगितला होता. ते नेमबाजीचं मैदान, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, सप्टेंबर १८७४. आयर्लंडची टीम आली होती, तोंडाकडून भरायच्या रिग्बी रायफली घेऊन, आणि अमेरिकन लोकांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स, ज्यांच्यावर तेव्हा फार कुणाचा भरवसा नव्हता. टीममध्ये सहा जण, ८००, ९०० आणि १००० यार्डांवर प्रत्येकी पंधरा गोळ्या. हजार यार्ड म्हणजे जवळपास किलोमीटर आणि टेलिस्कोप नाही, मागे डोळा लावायचं बारीक भोक आणि पुढे नळीच्या टोकाला माशी एवढंच. शेवटचा अमेरिकन, जॉन बोडीन, उरला तेव्हा स्कोअर आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. त्याने जिंजर बियरची बाटली हातात घेतली तर ती फुटली, हात कापला, रुमाल गुंडाळून आडवा झाला आणि बुल मारला, म्हणजे टार्गेटच्या मधोमध, चार मार्क, ९३४. हे सगळे सांगतात. पण मला त्यातला मिल्नर आठवतो. आयर्लंडचा मिल्नर, त्याने आधीच एक अचूक बुल मारला होता, फक्त शेजारच्या टार्गेटवर! शून्य मिळालं. ते चार मार्क धर आणि बेरीज कर, ९३५. (हसू नकोस, मी माझ्या तिसऱ्या मॅचला शेजारच्या आजोबांच्या टार्गेटवर बुल मारून दिला होता, त्यांनी "थँक यू" म्हटलं.)

आपण मारतो तो प्रकार मात्र क्रीडमूरचा नाही, तो जर्मन लोकांनी आणलेला शुत्सेन, २०० यार्ड, उभं राहून. जर्मन आणि स्विस लोक इथे आले तसे गावोगाव त्यांचे शूटिंग क्लब झाले. वर्गणी, बँड, मिरवणूक, बियर, बायकापोरांसकट सगळं गाव, आणि जिंकेल तो त्या वर्षीचा राजा. आपल्या गणपती मंडळाचा अध्यक्ष नेमबाजीवर ठरला असता तर काय मजा आली असती, असं मला दरवर्षी वाटतं. मग पहिलं महायुद्ध आलं, जर्मन म्हटलं की लोक तोंड फिरवायला लागले, पुढे १९२० ला दारूबंदी, आणि ते क्लब, त्यांची मैदानं, सगळं बसलंच.

त्या दुनियेतला नळ्या बनवणारा हॅरी पोप, हे नाव तू सारखं ऐकशील. त्याच्या नळीवर लोक जीव टाकतात. पद्धत अशी की पुंगळीत दारू भरून ती मागून घालायची, पण गोळी पुढून, नळीच्या तोंडाकडून ढकलायची, म्हणजे तिची मागची कड अगदी स्वच्छ राहते, गोळी सरळ जाते ती त्या कडेवर. तोंडाला इजा होऊ नये म्हणून त्याच नळीचा कापलेला एक तुकडा पुढे बसवतात, आणि तो काढायचा विसरून बार उडवू नये म्हणून त्यावर नेम झाकणारी एक अडचण मुद्दाम ठेवलेली असते. माणूस विसरणार हे धरूनच बनवलंय, मला हे फार आवडतं. १९०१ साली कोलोरॅडोच्या रोलंडने पोपच्या नळीतून टेकूवर ठेवून २०० यार्डांवर दहा गोळ्या पाऊण इंचाच्याही आत बसवल्या, ०.७२५. आणि याच पोपने १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं आणि थोड्याच दिवसांत भूकंपात सगळं गेलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं बिचाऱ्याने.

पुढेमागे घेशील तेव्हा .३२-४० काडतुसाची रायफल घे, खांद्याला सोसते. त्यात मूळची ४० ग्रेन (वजनाचं बारीक माप) काळी दारू आणि १६५ ग्रेनची शिशाची गोळी. आणि जुन्या रायफलीत कुणी सांगितलं म्हणून नवीन बिनधुराची दारू कोंबू नकोस. काळ्या दारूचा वास सुतळी बॉम्बचा येतो, छान वाटतं, पण त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुवायची. चिंधी पहिल्यांदा काजळासारखी काळी येते, सडक्या अंड्याचा वास सुटतो, पांढरी येईपर्यंत धुवायचं, कोरडं करायचं, तेल लावायचं. कंटाळा आला तरी जेवायच्या आधी. मी एकदाच सकाळवर टाकलं, पावसाळी हवा होती, सकाळी चिंधी तांबूस निघाली.

शनिवारी साडेआठला ये. कानाला लावायचे मफ माझ्याकडे जास्तीचे आहेत, एक वही आणि पेन्सिल आण, पेन थंडीत चालत नाही. मी मारणार, दुर्बिणीला डोळा तू लावायचास, आणि मी काय बोललो आणि भोक कुठे पडलं हे दोन्ही शेजारी शेजारी लिहायचं. मी चुकीचं बोललो तर तसंच लिही, लाजू नकोस.

काका