सुपरहिरोंच्या मालिकांत बाप-मुलाची गोष्ट रंगवायला लेखक काय युक्त्या करतात? आणि दर वेळी बापच का मरतो?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे. बाप जिवंत असेपर्यंत पोराला स्वतःच्या अकलेने चालावं लागत नाही. अडलं की घरी जाऊन विचारता येतं. म्हणून लेखक बापाला उचलतो. मी काही वर्षं एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहायचो. तिथेही नायिकेचे वडील पहिल्याच आठवड्यात हार घातलेल्या फोटोत गेले. पुढे ती संकटात सापडली की फोटोसमोर उभी राहायची, डोळे पुसायची आणि निर्णय घ्यायची. आमच्याकडे आणखी एक कारण होतं: फोटोला दिवसाचे पैसे द्यावे लागत नाहीत.

तुमचा पहिला प्रश्न जास्त चांगला आहे. माझ्या मते बापाला मारणं ही तशी किरकोळ युक्ती आहे. मोठी युक्ती म्हणजे बाप वाटून टाकणं. माया, धाक, शिस्त, अपेक्षा, फसवणूक हे सगळं एकाच माणसात न ठेवता दोन-तीन माणसांत वाटायचं आणि पोराला त्यांच्या मधोमध उभं करायचं. मग ‘वडिलांचं ऐकू की नको’ असं पोराच्या तोंडी घालावं लागत नाही. कोणत्या वडिलांचं ऐकायचं, एवढंच उरतं, आणि ते प्रसंगातून दाखवता येतं. दोन तासांच्या सिनेमात एवढी वाटणी करायला जागा नसते. मालिकेकडे वेळच वेळ असतो.

(इथून पुढे सगळे शेवट फोडणार आहे. मालिका बघायच्या राहिल्या असतील तर आधी त्या बघून या.)

‘स्मॉलव्हिल’ घ्या. 2001 साली अमेरिकेत सुरू झाली आणि दहा सीझन चालली. सुपरमॅन व्हायच्या आधीचा क्लार्क केंट, कॅन्ससमधलं शेत, शाळा, पहिलं प्रेम. क्लार्कला इथे दोन बाप आहेत. वाढवणारा जोनाथन केंट, साधा शेतकरी. आणि जन्म देणारा जॉर-एल, जो बराच काळ फक्त आवाज आहे. हा आवाज टेरेन्स स्टॅम्प या नटाचा. जुन्या सुपरमॅन चित्रपटांत हाच नट जनरल झॉड होता, म्हणजे जॉर-एलने कैदेत टाकलेला शत्रू. हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो आवाज कानावर पडला की वाटतं, ह्या बापाचं काही खरं नाही. संवादाची एक ओळही खर्च न करता शंका पेरली गेली.

समोरच्या बाजूला लेक्स लूथर, पुढे सुपरमॅनचा शत्रू होणारा. त्याचा बाप लायोनेल पोराशी शत्रूशी वागावं तसा वागतो, आणि ह्यालाच तो संस्कार समजतो. मालिकेचा जीव ह्या आरशात आहे: दोन मुलगे, दोन घरं. पण मला त्यातली एक बारीक गोष्ट जास्त आवडते. लेक्स केंटांच्या घरी येतो तेव्हा त्याला तिथल्यासारखा बाप हवा असतो, हे नटाच्या नजरेत स्पष्ट दिसतं. आणि जोनाथन, हा एवढा भला माणूस, लूथर नावाच्या रागापायी त्याला उंबऱ्यापाशीच ठेवतो. चांगल्या बापाच्या हातून दुसऱ्याच्या पोराचं नुकसान होतं आणि कोणी ते तोंडाने म्हणत नाही. अशी जागा लिहायला मिळाली तर मी मानधन न वाढवता दोन सीझन लिहून दिले असते.

जोनाथनचं मरणही शिकण्यासारखं बांधलंय. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला घर सोडून भरकटलेल्या क्लार्कला परत आणायला तो जॉर-एलशी सौदा करतो आणि थोड्या वेळापुरती परग्रहावरची ताकद अंगात घेतो. माणसाच्या शरीराला ती झेपत नाही, हृदय कायमचं दुखावतं. पुढे सगळं पूर्ववत चालू राहतं, प्रेक्षक विसरतो. पाचव्या सीझनच्या बाराव्या भागात, जो मालिकेचा शंभरावा भाग होता आणि जानेवारी 2006 मध्ये दाखवला गेला, जोनाथन निवडणूक जिंकतो. समोरचा उमेदवार लेक्स. त्याच दिवशी क्लार्कने काळ मागे फिरवून प्रेयसी लानाचा जीव वाचवलेला असतो आणि त्याची भरपाई दुसऱ्या कोणाच्या तरी जिवाने व्हायची असते. रात्री लायोनेलशी झटापट होते, आणि जोनाथन अंगणात बायको-मुलासमोर कोसळतो. आकाशातून विजा पडत नाहीत की कोणी खलनायक येत नाही. हृदय थांबतं, बस्स. बापाने मुलासाठी घेतलेला निर्णय आणि मुलाने प्रेयसीसाठी घेतलेला निर्णय, दोन्हींची उधारी एकाच रात्री वसूल होते. रडायला येतं ते त्या हिशोबामुळे.

‘द फ्लॅश’मध्ये (2014 ते 2023) ही वाटणी आणखी पुढे नेली. नायक बॅरी ॲलन, अचाट वेगाने धावणारा. त्याला तीन बाप. जन्मदाता हेन्री तुरुंगात आहे, न केलेल्या खुनासाठी, आणि खून कोणाचा तर स्वतःच्या बायकोचा. वाढवणारा जो वेस्ट पोलीस आहे. आणि तिसरे डॉ. वेल्स, जे बॅरीला धावायला शिकवतात. पहिल्या सीझनमध्ये हळूहळू उलगडतं की वेल्सच्या चेहऱ्याआड जो माणूस आहे त्यानेच बॅरीच्या आईला मारलंय.

आधी नटाची निवड बघा. हेन्रीचं काम करणारा जॉन वेस्ली शिप हा 1990 च्या जुन्या मालिकेत स्वतः फ्लॅश होता. ज्याने एकेकाळी तो पोशाख घातला तोच आता काचेपलीकडे फोन कानाला लावून मुलाला धीर देतोय. जुन्या प्रेक्षकाला ‘हा याचा बाप’ हे पटवायलाच लागत नाही. (ह्याच मालिकेत मार्क हॅमिल एका भागात आपल्या पोराला ‘मीच तुझा बाप’ असं ऐकवतो. 1980 च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ते ऐकून कोलमडणारा पोरगा तोच होता. ही शुद्ध चेष्टा आहे, पण लेखकांना किती मजा आली असेल!)

खरा कळस पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात. बॅरीला भूतकाळात जाऊन आईला वाचवायची संधी मिळते. आई वाचली तर बाप तुरुंगात जाणार नाही, पण मग बॅरी जोच्या घरी वाढणारही नाही. आता सांगा, कोण काय म्हणेल? सरधोपट लेखकाने हेन्रीकडून ‘जा’ म्हणवून घेतलं असतं आणि जोकडून ‘नको’. इथे उलटं आहे. ज्याचा मुलगा जाणार आहे तो जो वेस्ट म्हणतो, जा. आणि ज्याची चौदा-पंधरा वर्षांची कैद पुसली जाणार आहे तो हेन्री म्हणतो, नको, तू आज जो आहेस तो राहा. दोघंही स्वतःच्या विरुद्ध मत देतात. बाप म्हणजे काय ह्यावर भाषण लिहायची सोय असताना लेखकांनी फक्त दोन मतं अदलाबदल करून ठेवली. आणि त्याच भागात तो खुनीही कोठडीतून बॅरीला सांगतो की तुझ्याकडे अभिमानाने बघताना हेन्री आणि जोला काय वाटत असेल ते आता मला कळतं. अंगावर काटा येतो, कारण तो खोटं बोलत नाहीये.

मग दुसऱ्या सीझनमध्ये माती खाल्ली. हेन्री निर्दोष सुटतो आणि पहिल्याच भागात गाव सोडून निघून जातो, कारण घरात एक मोकळा बाप ठेवून करायचं काय हे कोणाला सुचलं नसावं. सीझन संपता संपता त्याला परत आणतात आणि ज्या घरात आई मेली त्याच घरात मारतात. बॅरीने पुन्हा भूतकाळात पळावं म्हणून. जोनाथनच्या मरणामागे त्याचा स्वतःचा निर्णय होता, हेन्रीच्या मरणामागे पुढच्या सीझनची गरज. प्रेक्षकाला हा फरक शब्दांत सांगता येत नसेल, पण त्याला तो कळतो. आमच्या मालिकेत आजोबांना आम्ही असंच दोनदा आजारी पाडलं होतं, तेव्हा घरच्या बायकांनीच मला झापलं.

‘डेअरडेव्हिल’चा पहिला सीझन (2015) वस्तूंवर चालतो. मालिकेत वस्तू फार स्वस्तात काम करून देतात, म्हणून ह्यावर जरा थांबतो. विल्सन फिस्क, खलनायक, एका पांढऱ्या चित्रासमोर तासन्‌तास उभा राहतो. आपल्याला वाटतं, श्रीमंताचा षौक. रोज सकाळी तो अंड्याचं ऑम्लेट करतो आणि कपडे घालताना ठरावीक कफलिंक्स लावतो. आठव्या भागात कळतं की लहानपणी बाप त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचा, आणि एके रात्री बाप आईला मारत असताना ह्या पोराने हातोडा घेऊन बापाचा जीव घेतला. चित्र म्हणजे ती भिंत. कफलिंक्स बापाच्या. ज्याला मारलं त्याच्याच वस्तू मनगटावर घालून हा माणूस रोज घराबाहेर पडतो. तोपर्यंत ते चित्र आणि त्या कफलिंक्स आपल्यासमोर उघड्यावर पडून होत्या.

नायक मॅटच्या बाजूला स्टिक नावाचा आंधळा म्हातारा आहे, बाप गेल्यावर त्याला लढायला शिकवणारा. लहान मॅट आइस्क्रीमच्या कागदाचं कडं करून त्याला देतो. पोरगं आपल्यात बाप शोधतंय हे लक्षात येताच स्टिक ते चुरगाळतो आणि निघून जातो. वीस वर्षांनी दोघांची घरात तुंबळ मारामारी होते, स्टिक जातो, आणि मोडतोडीत मॅटच्या हाताला तेच कडं लागतं. म्हातारा ते इतकी वर्षं जपून होता. हे तो तोंडाने कधीच बोलला नसता.

‘सुपरमॅन अँड लॉइस’ (2021 ते 2024) बद्दल थोडक्यात. इथे कॅमेरा बापाच्या खांद्यावर गेला. क्लार्क आता चाळिशीकडे झुकलेला, जुळी मुलं चौदा वर्षांची. आजोबांचं नाव मिळालेला जोनाथन खेळाडू, आत्मविश्वासाने भरलेला. सगळ्यांना वाटतं ताकद त्यालाच आली असणार. ती येते अबोल, घाबरट जॉर्डनला. वारसा हा सुपरहिरो मालिकांचा जुनाच विषय, पण तो दोन भावांत असा वाटला की घराघरातली गोष्ट होते. आणि बापाला मैलांवरचं ऐकू येतं, म्हणून तो मुलांचं शाळेतलं बोलणं चोरून ऐकतो. मुलं भडकतात. दहावीतल्या पोराचा मोबाइल तपासून पाहिलेल्या कुठल्याही बापाला हा प्रसंग बघताना मान खाली घालावी लागेल. मलाही लागली.

शेवटी ‘इन्व्हिन्सिबल’, कारण ती ह्या सगळ्यांच्या उलट जाते. 2021 ची ही कार्टून मालिका, लहान मुलांना दाखवू नका. इथे बाप वाटलेलाच नाही. प्रेमळ बाप आणि राक्षस एकाच माणसात आहेत: नोलन, जगातला सर्वांत बलवान नायक. पहिला भाग जवळजवळ संपेपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चालतं. मुलगा मार्क उडायला शिकतो, बाप शिकवतो. आणि अगदी शेवटी नोलन आपल्याच साथीदारांची कत्तल करतो. हे आपल्याला दिसतं, मार्कला दिसत नाही. पुढचे सहा भाग बापाने पोराच्या खांद्यावर हात ठेवला तरी आपण श्वास रोखतो. प्रसंग तेच, घरगुती, जेवणाच्या टेबलावरचे. प्रेक्षकाला एक गोष्ट आधी सांगून टाकली, एवढंच.

आठव्या भागात बाप-लेक समोरासमोर येतात आणि नोलन मार्कला मरेस्तोवर मारतो. इथे मला नेहमी बभ्रुवाहन आठवतो. अश्वमेधाचा घोडा घेऊन आलेल्या अर्जुनाला मुलगा नम्रपणे सामोरा जातो, तर अर्जुनच चिडतो: लढत का नाहीस? मार्कही बापावर मनापासून हात उचलू शकत नाही. नोलनची जात हजारो वर्षं जगते, म्हणून तो रागाने विचारतो की पाचशे वर्षांनी ह्या माणसांतलं तुझ्याकडे काय उरणार आहे? रक्ताने माखलेला पोरगा म्हणतो, तुम्ही, बाबा. तुम्ही तर असाल ना. नोलनची मूठ हवेत थांबते, त्याला मार्क लहान असतानाचा बेसबॉलचा सामना आठवतो, आणि तो पोराला तिथेच टाकून आकाशात निघून जातो. भावनिक प्रसंग लिहिताना आम्ही माणसाला मिठी मारायला लावायचो. इथे तो पळून जातो.

तुम्हाला ह्यातलं एकच काही बघायला वेळ असेल तर ‘डेअरडेव्हिल’चा पहिल्या सीझनचा दुसरा भाग बघा. त्यात मॅट जखमी होऊन पडलाय, एक नर्स त्याला टाके घालतेय, आणि मधेमधे लहानगा मॅट मुष्टियोद्धा बापाच्या चेहऱ्याला टाके घालताना दिसतो. बापाने पैसे घेऊन हरायचं कबूल केलेलं असतं, पण पोराने एकदा तरी आपल्या नावाचा जयघोष ऐकावा म्हणून तो जिंकतो आणि त्यापायी मारला जातो. भागाच्या शेवटी अरुंद बोळकांडीत ती प्रसिद्ध मारामारी आहे, एका दमात चित्रित केल्यासारखी. लोक ती कॅमेऱ्यासाठी बघतात. मॅट तिथे कशाला गेलाय ते लक्षात ठेवून बघा: आदल्या भागात गुंडांनी एका बापावर हल्ला करून त्याचा लहान मुलगा पळवलाय. मॅट धड उभा राहू शकत नाही, भिंतीला टेकून टेकून लढतो, आणि बाहेर येतो तेव्हा ते पोरगं त्याच्या कडेवर असतं.