180 पानांचा खेळ छापण्याआधी: प्लेटेस्टबद्दल माझा अनुभव

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिवकाळातल्या किल्ल्यांवरच्या चढायांचा रोलप्लेइंग खेळ, म्हणजे खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेतात तसा खेळ, तुम्ही तीन वर्षं लिहिताय. 180 पानं झाली आहेत. खेळ वीस बाजूंच्या फाशावर चालतो, स्वतः जीएम (गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) होऊन तुम्ही दहा सेशन्स, म्हणजे खेळाच्या बैठका, घेतलीत आणि मित्रांना तो आवडला. आता छपाईला द्यावा की अजून प्लेटेस्ट (खेळून तपासणी) करावी, आणि करायची तर किती?

एवढ्यात छापू नका. दहाच्या दहा सेशन्समध्ये तुम्ही टेबलावर होता, त्यामुळे कागदावरचा खेळ अजून एकदाही खेळला गेलेला नाही. कुणी अडलं की तुम्ही सांगितलंत, नियम तोकडा पडला की तिथल्या तिथे जोडून घेतलात. हे आपण सगळेच करतो आणि करताना आपल्याला कळतही नाही. पण पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही नसणार.

या छंदाची सुरुवातच या अडचणीतून झाली आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आला, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. त्यात वाचकाकडे आधीचा एक युद्धखेळ असेल असं धरून चाललेलं होतं, आणि टेबलावर प्रत्यक्ष काय करायचं हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं. कुणाच्या तरी शेजारी बसून शिकलेल्यालाच तो नीट यायचा. पुढे 1977 साली एरिक होम्स यांनी नवख्यांसाठी नियम पुन्हा लिहून काढले, तेव्हा खोका उघडून घरी शिकता येईल असा खेळ मिळाला. तुमचं पुस्तक आज त्या 1974 च्या टप्प्यावर आहे असं समजा.

चढाईच्या नियमाचंच उदाहरण घेऊ, तुम्ही तो प्रश्नात दिलाच आहे: पायथा ते माची तीन टप्पे, प्रत्येक टप्प्याला फासा, लक्ष्य 15, एकदा चुकलं की गडी खाली. +5 चा गडी, म्हणजे फाशावरच्या आकड्यात 5 मिळवणारा, धरला तर फाशावर 10 किंवा जास्त पडायला हवेत. वीसपैकी अकरा बाजू, म्हणजे 55 टक्के. एकेक टप्पा बघितला तर ठीक वाटतं. पण तिन्ही टप्पे पार पडण्याची शक्यता 55 टक्क्यांच्या 55 टक्क्यांच्या 55 टक्के, म्हणजे जेमतेम 17 टक्के. सहा गडी चढले तर सरासरी एकच वर पोचतो. तुमच्या सेशन्समध्ये इतके गडी पडले नसणार, कारण तुम्ही 'खोबणीत हात अडकला, वाचलास' म्हणून सांभाळून घेतलं असणार. तो दयाळूपणा पुस्तकात कुठेच नाही. अनोळखी जीएम नियम वाचेल तसा चालवेल आणि पहिल्या तासाभरात अख्खी टोळी दरीत जाईल.

यावर उपाय आहेत. जॉन हार्पर यांच्या ब्लेड्स इन द डार्कमधली घड्याळाची पद्धत बघा: एक वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे, यश मिळेल तसे भाग भरत जायचे. चढाईचं एक घड्याळ आणि पहारेकऱ्यांच्या संशयाचं दुसरं. मग चुकलेला फासा गड्याला मारत नाही, वर मशाल हलवतो, म्हणजे संशयाचा एक भाग भरतो. तुमच्या विषयाला हे छान लागू पडेल. पण आधी गणित मांडा. प्रत्येक मोठ्या नियमाचं असं गणित एका संध्याकाळी कागदावर होतं, त्याला माणसं जमवावी लागत नाहीत.

आता माणसं जमवण्याबद्दल.

माझा खेळ कोकणातल्या दशावतारी कंपनीवर आहे. आजोळ कुडाळकडचं, त्यामुळे लहानपणी जत्रेत रात्रभर बसून दशावतार पाहिलेला. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, राजपार्ट कुणाचा, स्त्रीपार्ट कुणाचा ते ठरतं, आणि पुढचे संवाद नट उभ्या उभ्या रचतात. रोलप्लेइंगच्या इतकी जवळची कला दुसरी नसेल असं मला वाटलं, आजही वाटतं. खेळाडू एकेका नटाची भूमिका घेतात, आणि तो नट रात्री आख्यानातलं पात्र होतो. फासे मी व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 2010 च्या अपोकॅलिप्स वर्ल्डच्या धर्तीवर घेतले: सहा बाजूंचे दोन, बेरीज 10 किंवा वर गेली तर पूर्ण यश, 7 ते 9 आली तर जमतं पण किंमत मोजून, 6 किंवा खाली आली तर प्रसंग अंगाशी येतो. कसलीही भर नसेल तर हे अनुक्रमे 17, 42 आणि 42 टक्क्यांच्या आसपास पडतं. मधला पट्टा मोठा असल्यामुळे गोष्ट सतत वळत राहते.

पहिल्या मसुद्यात प्रत्येक महत्त्वाच्या संवादाला फासा होता. आमच्या गटात चार सेशन्स झाली, सगळे 'मस्त' म्हणाले. पाचव्या वेळी मी जीएमचं काम दुसऱ्याकडे दिलं, कोपऱ्यात वही घेऊन बसलो आणि तोंड बंद ठेवलं. तेव्हा दिसलं की कुणी रंगात येऊन बोलायला लागला की बरोबर त्याच क्षणी जीएम म्हणतो, 'फासा टाक.' बोलणारा थांबतो, शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) आकडा शोधतो, बेरीज करतो, आणि परत बोलायला लागतो तेव्हा त्याचा आवाज खाली आलेला असतो. वहीत एकापुढे एक अशा आठ नोंदी झाल्या.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट दिसली. एका प्रवेशात जिचं पात्र नव्हतं अशी एक मुलगी पेन्सिलीने टेबलावर ठेका धरून बसली होती. राजा दरबारात आला तसा तिने ठेका वाढवला आणि एकदम तोडला. राजा झालेला खेळाडू त्या तोडीवर थांबला, तिच्याकडे बघितलं आणि फासे उचलले. कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पुढच्या दोन प्रवेशांत सगळे तिच्या ठेक्याची वाट बघायला लागले. घरी येऊन मी संवादाच्या फाशाचा नियम खोडला आणि लिहिलं: ज्याचं पात्र प्रवेशात नाही, तो पखवाजवाला. तो ठेका तोडेल तेव्हाच फासा पडेल. खेळातला सगळ्यात चांगला नियम हाच आहे. नंतर मी त्या मुलीला विचारलं, तर आपण ठेका धरला होता हे तिला आठवतही नव्हतं. अभिप्रायाच्या फॉर्ममधून हे कधीच हाती लागलं नसतं. म्हणून सांगतो, माणसांचे हात बघा. कोण शीट उलटून मागे काय शोधतंय, कोणता कागद सेशनभर कुणी उचललाच नाही, कोण कधी मोबाइल बघतंय. वेळ घालून लिहा. कारणं तिथेच शोधत बसू नका, ती घरी.

यानंतर ब्लाइंड प्लेटेस्ट, म्हणजे तुम्हाला न ओळखणाऱ्या लोकांनी फक्त पुस्तक वाचून खेळणं. मी पीडीएफ नाशिकच्या एका गटाला दिली. त्यांनी टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि मी व्हिडिओ कॉलवर माइक बंद करून बसलो. खेळाडूंच्या शीटवर 'दम' नावाच्या सहा चौकटी आहेत. जागरण, पायी चाल, भांडण यांत त्या खोडल्या जातात, संपल्या की नट आजारी पडतो. नियम होता: 'फेरी संपली की दम पूर्ण भरा.' माझ्या मनात फेरी म्हणजे कंपनीचा गावोगावचा जत्रांचा फेरा. पण दोन पानं आधी मीच लिहिलं होतं की खेळाडू 'फेरीने' खेळतात, म्हणजे आळीपाळीने. त्यांनी प्रत्येक आळीपाळीनंतर दम भरला. सेशनभर कुणी दमलं नाही. मी माइककडे हात नेला होता, मोठ्या कष्टाने मागे घेतला. शेवटी ते म्हणाले, 'मजा आली, पण फार सोपा आहे, आकडे वाढवा.'

त्यांचं ऐकून आकडे वाढवले असते तर खेळ बिघडला असता. चूक एका शब्दाची होती. आता आळीपाळीला 'पाळी' आणि जत्रांच्या फेऱ्याला 'दौरा' म्हटलंय, आकडे तेच आहेत. त्रास कुठे झाला हे खेळाडू बहुतेक वेळा बरोबर सांगतात, उपाय मात्र बहुतेक वेळा चुकीचा सांगतात. जागा वहीत घ्या, उपाय तुम्ही शोधा. आणि सेशननंतर 'आवडला का' हे विचारूच नका, समोरचा माणूस भला असला तर हो म्हणेल. 'आज काय काय घडलं ते सांगा' म्हणा. त्यांनी सांगितलेली गोष्ट ऐकली की खेळाने काय दिलं आणि काय नाही ते लगेच कळतं.

मराठीत नियम लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. 'करावा' हे रूप टाळा. 'जीएमने फासा टाकावा' हा हुकूम आहे की सल्ला, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि नाशिकच्या गटाने 'करावा' असलेले सगळे नियम ऐच्छिक समजून सोडून दिले होते. नियम असेल तिथे 'टाका', मुभा असेल तिथे 'टाकू शकता'. पुस्तकभर एवढंच पाळा.

अनोळखी लोकांबरोबर खेळताना टेबलाच्या मध्यभागी एक्स-कार्ड ठेवा. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांची ही कल्पना साधी आहे: कार्डाला हात लावला की तो प्रसंग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. तुमच्या काळात जात येणार, लुटीत सापडलेल्या बायका येणार, गुलामी येणार. समोरच्या खेळाडूच्या घरात काय होऊन गेलंय ते आपल्याला माहीत नसतं. हे पान पुस्तकात अगदी पुढे घ्या, परिशिष्टात नको.

लायसन्सचं थोडक्यात: डंजन्स अँड ड्रॅगन्सचा एसआरडी 5.1, म्हणजे इतरांना वापरायला दिलेला मूळ नियमांचा मजकूर, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, श्रेय देऊन त्यातला मजकूर वापरता येतो. तुमचा खेळ त्यावर बेतलेला असेल तर श्रेयाची ओळ विसरू नका.

आता करायचं काय, तर 180 पानं बाजूला ठेवा आणि त्यातून 12 पानं काढा. एक किल्ला, एक रात्र, चार तयार गडी, तेवढ्यालाच लागणारे नियम. बारा पानांत जे मावलं नाही ते खेळाला खरंच हवं आहे का, हे तिथेच कळायला लागेल. हा मसुदा आधी दुसऱ्या जीएमकडून तुमच्यासमोर खेळवा, मग ब्लाइंड. प्रत्येक वेळी एकच मोठा बदल करा आणि मसुद्यावर तारीख टाका. दोन बदल एकदम केले की सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. सलग दोन अनोळखी गटांनी तुम्हाला काहीही न विचारता रात्र पूर्ण खेळली, की छपाईचं बोलू.

आमचा गट पुण्यात दर दुसऱ्या रविवारी बसतो, पाच जण आहोत, त्यातल्या दोघांनी वीस बाजूंचा फासा कधी हातात घेतलेला नाही. 12 पानं तयार झाली की मला निरोपातून पाठवा, एक रविवार तुमचा. कॉलवर बसायचं असेल तर जरूर बसा, माइक बंद ठेवून. आणि पाठवताना सोबत एकही ओळ समजावून लिहू नका.