जुनी पिकअप घेणाऱ्यास

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आणि तिन्ही गाड्यांचे फोटो मिळाले. जुनी पिकअप घ्यायची, जमेल तशी नीट करायची, सांभाळायची आणि पुढे तिला किंमत येईल अशी आशा धरायची, हा बेत मला मनापासून आवडला. मोटारींचा नाद असलेली बहुतेक मंडळी कार आणि जीपमागे पळतात, हौद्याच्या गाडीकडे फारसं कुणी बघत नाही. त्यामुळे ती अजून आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आहे.

पिकअप पुढे दुर्मिळ होते याचं कारण साधं आहे: ती कुणी जपत नाही. कार म्हातारी झाली तर एखाद्या घरात पत्र्याच्या शेडखाली झाकून तरी ठेवतात. पिकअप मात्र मरेपर्यंत राबते. मार्केट यार्डात कांदा, एमआयडीसीत सुताचे गठ्ठे, उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या, आणि शेवटी भंगारवाला. हजारोंनी विकलेलं मॉडेल वीस-पंचवीस वर्षांत दिसेनासं होतं ते असं. अमेरिकेतही हेच झालं. 1973 ते 1987 या काळातल्या शेवरलेच्या चौकोनी तोंडाच्या पिकअप एके काळी शेतावरच्या कामाच्या गाड्या होत्या. आज हौशी लोक त्या शोधत फिरतात आणि चांगले पैसे मोजतात.

पण नुसती दुर्मिळ असून भागत नाही. ज्या गाडीशी एखाद्या पिढीचं लहानपण जोडलेलं असतं तिलाच मागणी येते. म्हणून तुझ्या यादीत माझ्या मते सगळ्यात वर टाटामोबाइल 206 हवी. ती 1988 साली आली. ट्रक बनवणाऱ्या टाटांच्या टेल्कोची लहान गाड्यांतली ही सुरुवात, आणि तिच्याच पायावर 1991 मध्ये सिएरा आणि मग इस्टेट या प्रवासी गाड्या उभ्या राहिल्या. जुन्या सिएराला आज हौशी मंडळी काय जपतात ते तू बघतोस. 2025 मध्ये कंपनीने ते नाव नव्या गाडीवर पुन्हा आणलं, तेव्हा जुन्या सिएराच्या आठवणी किती निघाल्या! त्या सिएराची आई मात्र अजून गावोगाव गोठ्यामागे उभी आहे. हे लोकांच्या ध्यानात यायच्या आत तू एक चांगली 206 धरावीस असं मला वाटतं.

महिंद्राच्या जुन्या लांब चासीच्या पिकअपही वाईट नाहीत. ही कंपनी 1947 पासून विलीज जीप जोडत आली, त्यामुळे त्या घराण्याच्या गाडीला चाहता कायम मिळतो. त्यातल्या जुन्या डिझेल इंजिनांचं मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ट्रॅक्टरमध्ये आहे. आपल्या भागात ट्रॅक्टरचा मिस्त्री प्रत्येक मोठ्या गावात सापडतो, हा फायदा कमी समजू नकोस. मॅटाडोरची पिकअप मिळाली तर घे म्हणेन, पण धड मिळणं अवघड. महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटांची झेनॉन या अजून तरुण गाड्या आहेत. त्या घ्यायच्या तर वापरायला घे, दहा-पंधरा वर्षं थांबायची तयारी ठेव.

आता गाडी बघायची कशी. आपल्या जिल्ह्याची कोरडी हवा इथे आपल्याला साथ देते. कोकणात राहिलेल्या गाडीचा पत्रा आतून कुजतो, वरून रंग मारला की कळतही नाही. मंगळवेढा, सांगोला, बार्शीकडे वाढलेल्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असेल, डॅशबोर्डला चिरा असतील, रबरं कडक झालेली असतील, पण पत्रा बऱ्याचदा शाबूत असतो. उडालेला रंग बघून नाक मुरडू नकोस. ताज्या चकचकीत रंगाला भी. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेव आणि दाराच्या खालच्या कडा, चाकावरच्या कमानी, केबिनची मागची भिंत इथे लावून बघ. जिथे ते धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

सोलापूरकडच्या गाडीचा खरा शत्रू ओझं. चादर घेताना आपण ती उलटून बघतो, तशी पिकअप खालून बघायची. केबिन आणि हौद्याच्या मधल्या जागी चासीला चीर गेलीय का, तिथे वेल्डिंगची पट्टी मारलीय का, मागच्या स्प्रिंगला जादा पाटे घातलेत का. जादा पाटे दिसले की समज, गाडीने आयुष्यभर क्षमतेपेक्षा जास्त माल ओढलाय. हौद्याच्या तळावर अंथरलेला पत्रा उचलून बघ. जनावरांचा ओला चारा किंवा दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीचा हौदा तिथूनच जातो.

इंजिनाचं मी मुद्दाम शेवटी सांगतोय. इंजिन थकलेलं असेल तर ते उतरवून पुन्हा बांधता येतं, लेथवर काम करणारे हात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहेत. मूळ इंजिन काढून दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं असेल तर मात्र सोडून दे. हौशी गिऱ्हाईक ज्या गोष्टीचे पैसे देतं ती गोष्टच तिथे गेलेली असते. मूळ हबकॅप, मूळ ग्रिल, टेल्कोचं नाव असलेला एखादा जुना पार्ट मालकाच्या अडगळीत पडलाय का ते आवर्जून विचार. 2003 मध्ये कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, त्याआधीच्या वस्तू आता नव्याने तयार होणार नाहीत. आणि मोठी चाकं, लोखंडी बंपर, छतावर दिव्यांची रांग असलं काही लावू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि गाडीचं रूपही जातं.

कागदांपाशी सगळ्यात जास्त वेळ घालव. फोटोतल्या नंबरपाटीचा रंग बघून समाधान मानू नकोस, आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते वाच. बहुतेक जुन्या पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात. म्हणजे आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग (फिटनेस तपासणी), वर पर्यावरण कर. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांच्या पासिंगची फी तर एप्रिल 2022 पासून बरीच वाढलेली आहे. ती गाडी खाजगी नोंदीत बदलून मिळेल असं एजंट सांगेल. मिळेल की नाही ते आपल्या आरटीओत स्वतः विचारून ये, मगच टोकन दे.

जुनी गाडी आपोआप विंटेज ठरते हा गैरसमजही काढून टाक. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे विंटेज नोंद पन्नास वर्षांपुढच्या, खाजगी वापराच्या आणि मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. पहिल्या वर्षीची 206 धरली तरी ती 2038 मध्ये पन्नाशीला पोचेल. तोपर्यंत तुझी गाडी कायद्याच्या नजरेत साधी जुनी गाडी आहे, तिची नोंद आणि थर्ड पार्टी विमा चालू ठेवावाच लागेल. जुन्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते, तीही बसवून घे.

कर्नाटकातल्या इंडी, विजयपूरकडची गाडी स्वस्त दिसते कारण तिथून एनओसी आणायची, इथे कर भरायचा आणि एमएच 13 वर घ्यायची असं तिहेरी काम असतं. बँकेचा बोजा उतरलाय का, मालक हयात आहे का, नसेल तर वारसांच्या सह्या मिळतील का, हे आधी. चासी नंबरची पेन्सिलछाप स्वतः घे आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवून बघ. कागद अपुरे असलेली गाडी फुकट मिळाली तरी ती पार्टसाठीच घ्यायची.

पैशाचं एवढंच: कर्ज काढू नकोस. हातात अडीच लाख असतील तर खरेदीला दीडच्या वर जाऊ नकोस, बाकीचे टायर, ब्रेक, वायरिंग आणि कर खाऊन टाकतील. नफा होईलच असं मी तुला सांगणार नाही. ज्या गाडीत बसून रविवारी पंढरपूरला जाऊन यावंसं वाटेल तीच घे, कारण पुढची बरीच वर्षं ती तुझ्या दारात उभी राहणार आहे.

आता तुझ्या तीन फोटोंविषयी. रत्नागिरी पासिंगची लाल गाडी विसर, तिच्या दाराखालची रेघ सरळ नाही. गेटअवे ठीक आहे, पण मालक सांगतो तो भाव तिला आज नाही. बार्शी तालुक्यातली फिकट निळी 206 मला आवडली. फाळक्यावरची मूळ अक्षरं शाबूत दिसतात आणि हौद्याचे कोपरे सरळ आहेत. त्या मालकाकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचे आणि चासी नंबरचे फोटो मागवून मला पाठव. नंबर जुळले तर येत्या रविवारी सकाळी टॉर्च घेऊन ये, ऊन चढायच्या आत पोचू.

तुझा,
काका